शहर स्वच्छ करणाऱ्यांच्या लेकरांचे रक्त कोण स्वच्छ करणार?

स्वच्छ सर्वेक्षणात नवी मुंबईचा क्रमांक देशात वरचा लागला की बेलापूरच्या मुख्यालयापासून दिघ्याच्या नाक्यापर्यंत फलक लागतात. अधिकाऱ्यांचे सत्कार होतात, नेत्यांचे हात जोडलेले फोटो झळकतात. ज्यांच्या कष्टाने हा क्रमांक आला ते कंत्राटी सफाई कामगार त्या फोटोत नसतात. ते कोणत्या वस्त्यांत राहतात आणि बहुसंख्येने कोणत्या जातींतून येतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

आज आम्ही त्यांच्या थकलेल्या पगाराबद्दल किंवा न मिळालेल्या हातमोज्यांबद्दल लिहीत नाही. त्यावर लिहिले आहे, पुढेही लिहू. आजचा प्रश्न वेगळा आहे. शहराचा कचरा वाहणाऱ्या माणसाच्या दोन वर्षांच्या लेकराची किडनी अचानक बंद पडली, तर या श्रीमंत शहरात त्या लेकराचे रक्त कोण स्वच्छ करणार? कुठे? कोणाच्या पैशाने? आणि रात्री दोन वाजता केसपेपर काढला तर सकाळपर्यंत ते लेकरू जिवंत असेल का?

आधी हा उपचार काय आहे ते समजून घेऊ, कारण जे आपल्याला समजत नाही ते आपण मागत नाही, आणि जे मागत नाही ते कधीच मिळत नाही.

किडनीचे काम रक्त गाळण्याचे. ती बंद पडली की लघवी थांबते, अंगावर सूज येते, फुप्फुसात पाणी साचते, रक्तातले पोटॅशियम वाढते आणि हृदय कोणत्याही क्षणी थांबू शकते. मोठ्या माणसाला आठवड्यातून दोन-तीन वेळा चार-चार तास मशीनवर घेऊन रक्त गाळतात. हे डायलिसिस आता वस्तीवस्तीत माहीत आहे. पण जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या, व्हेंटिलेटरवर असलेल्या लेकराला चार तासांचे हे घाईचे गाळणे सोसत नाही. त्याचे रक्त दिवसरात्र, हळूहळू, न थांबता गाळावे लागते. त्याला डॉक्टर सीआरआरटी म्हणतात. १९७७ मध्ये जर्मनीत पीटर क्रेमर या डॉक्टरांनी या पद्धतीची वाट उघडली. म्हणजे हे कालपरवाचे तंत्र नाही, जवळजवळ पन्नास वर्षांचे आहे.

लेकरांच्या बाबतीत अडचण मोठी आहे. किलोमागे साधारण ८० मिली रक्त धरले, तर पाच किलोच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून सुमारे ४०० मिली रक्त असते. मोठ्यांच्या मशीनच्या नळ्या आणि फिल्टर भरायलाच त्यातले शंभर-दीडशे मिली लागते. तेवढे रक्त एकदम अंगाबाहेर काढले तर उपचारच जीव घेईल. म्हणून लहान फिल्टर लागतो, बारीक नळ्या लागतात, मशीन आधी दुसऱ्याच्या रक्ताने भरून घ्यावे लागते. शिवाय नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध, तासातासाला तपासण्या, लेकराच्या उशाशी बसून राहणारी प्रशिक्षित नर्स आणि मुलांच्या किडनीचा डॉक्टर लागतो. इटलीतल्या व्हिचेंझा शहरात क्लाउडिओ रोंको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर खास नवजात बाळांसाठी छोटे मशीन तयार केले आणि २०१३ मध्ये ते पहिल्यांदा एका बाळासाठी वापरले.

हा उपचार नवी मुंबईत होत नाही असे नाही. होतो. पाम बीच रस्त्याच्या आणि सायन-पनवेल महामार्गाच्या आजूबाजूला उभ्या असलेल्या पंचतारांकित रुग्णालयांत होतो. पहिल्याच दिवसाचे बिल कंत्राटी कामगाराच्या महिन्याच्या पगाराला गिळून टाकते, आणि हा उपचार एका दिवसात संपत नाही. त्यामुळे आमचा वाद विज्ञानाशी नाही. विज्ञानाने आपले काम केले आहे. आमचा वाद त्या विज्ञानाच्या दाराशी बसवलेल्या पहारेकऱ्याशी आहे.

किडनीला जात असते का?

आमच्याकडून असा लेख आला की एक प्रश्न ठरलेला असतो. "तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात आणता. किडनीला कुठे जात असते?"

किडनीला जात नसते. पण किडनी बंद पडण्यापर्यंतच्या रस्त्याला असते आणि दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यालाही असते.

लेकरांची किडनी अचानक का बंद पडते, याची यादी कोणत्याही बालरोगतज्ज्ञाला विचारा. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी जाणे. रक्तात जंतू पसरणे. मलेरिया, डेंग्यू, लेप्टो. साप चावणे. जन्मताना जीव गुदमरणे. विषारी औषध. आता ही यादी हातात घेऊन नवी मुंबईच्या नकाशावरून बोट फिरवा. लेप्टो कोणाला होतो? उंदरांच्या मुतात मिसळलेल्या पावसाच्या पाण्यातून अनवाणी चालणाऱ्याला. जुलाब कोणाला होतात? ज्याच्या घरी नळ नाही, जो कॅन भरून पाणी आणतो आणि ते पाणी तीन दिवस साठवतो त्याला. मोरबे धरण स्वतःच्या मालकीचे असलेली महापालिका म्हणून नवी मुंबई मिरवते. त्याच महापालिकेच्या हद्दीत दिघा-तुर्भ्याच्या डोंगरउतारावरच्या दगडखाणींच्या वस्त्यांत हंडे रांगेत उभे राहतात. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतरही मराठवाड्यातून गाव सोडून आलेल्यांनी या खाणींत खडी फोडली. त्या खडीवर हे शहर उभे राहिले.

१९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि त्याच वर्षी महाडलाच त्यांनी स्पष्ट सांगितले होते की हे पाणी प्यायल्याने आम्ही अमर होणार नाही, आम्ही इथे माणूस म्हणून समतेचा पाया घालायला आलो आहोत. पाण्याचा हक्क हा माणूसपणाचा हक्क होता आणि आजही आहे. फक्त आज पाणी नाकारणारा हातात काठी घेऊन तळ्यावर उभा राहत नाही. तो अनधिकृत वस्ती असा शेरा मारून फाईल बाजूला ठेवतो. त्याचा हिशेब पुढे कुठेतरी एखाद्या लेकराच्या किडनीत निघतो.

जिना नसलेली इमारत

जातिव्यवस्था ही जिना नसलेली अनेक मजल्यांची इमारत आहे, ज्याने त्या मजल्यावर जन्मायचे आणि त्याच मजल्यावर मरायचे, ही बाबासाहेबांची उपमा सर्वांना ठाऊक आहे. नवी मुंबईची आरोग्यव्यवस्था हीच इमारत आहे, फक्त तिला लिफ्ट बसवली आहे आणि लिफ्टमध्ये शिरायला डिपॉझिट लागते.

सर्वांत खाली नागरी आरोग्य केंद्र. तिथे ताप, लस, जुलाबाची पावडर. त्याच्या वर महापालिकेची वाशी, नेरूळ आणि ऐरोलीची रुग्णालये. सर्वांत वर खासगी रुग्णालये. आणि या मजल्यांमध्ये एक शब्द आहे, जो गरिबाच्या कानावर सर्वांत जास्त पडतो. रेफर.

रेफर म्हणजे काय? लेकराला सलाईन लावून अँब्युलन्समध्ये ठेवणे आणि शीव, परळ किंवा भायखळ्याकडे पाठवून देणे. वाशीचा खाडीपूल ओलांडायचा, मानखुर्द-चेंबूरच्या गर्दीतून वाट काढायची. शीवला बेड नसेल तर केईएम, तिथे नसेल तर वाडिया, तिथे नसेल तर जे. जे. वस्तीतल्या कार्यकर्त्याला रात्री फोन येतो तो याच वेळी. "भाऊ, कुठे ओळख आहे का?" लक्षात घ्या, आई-बाप डॉक्टर विचारत नाहीत, औषध विचारत नाहीत, ओळख विचारतात. ज्या व्यवस्थेत जीव वाचवायला ओळख लागते, तिथे हक्क अजून जन्मलेला नाही.

या रेफरमागे आजवरचे हिशेब काय सांगतात? गेल्या वर्षभरात किडनी बंद पडलेली किती लेकरे महापालिकेच्या रुग्णालयांत आली, किती जणांचे रक्त तिथेच गाळले गेले, किती जणांना बाहेर पाठवले, पाठवलेल्यांपैकी किती वाचली? हे आकडे महापालिकेने स्वतःहून वेबसाइटवर टाकावेत. झाडे किती लावली, भिंती किती रंगवल्या, याचे आकडे टाकता येतात. मग लेकरांचे का नाही?

चाळीस वर्षांत काय शिकलो?

असे प्रसंग क्वचित येतात, त्यासाठी एवढी तयारी कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांनी जरा मागे वळून पाहावे.

१९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचे रसायन होते. ते पोटात गेले की किडनी निकामी करते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने अन्न व औषध प्रशासन, पुरवठादार, रुग्णालय आणि मंत्रालय यांच्यातले साटेलोटे चव्हाट्यावर आणले. हे विष तेव्हाही नवे नव्हते. १९३७ मध्ये अमेरिकेत याच रसायनात विरघळवलेल्या औषधाने शंभरहून अधिक माणसे मेली होती, त्यात लेकरे पुष्कळ होती, आणि त्यांनी पुढच्याच वर्षी कायदा बदलला.

आपण काय बदलले? २०२२ मध्ये गांबियात सुमारे ७० लेकरे किडनी निकामी होऊन मेली, तेव्हा भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधांकडे जगाने बोट दाखवले. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तर हे संकट आपल्या दारात आले. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, परासियाच्या परिसरात सर्दी-खोकल्याची लेकरे कोल्ड्रिफ नावाचे सिरप प्यायली. लघवी बंद झाली. आईबाप त्यांना घेऊन नागपूरला धावले. तमिळनाडूच्या औषध प्रशासनाने त्या सिरपच्या एसआर-१३ या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल असल्याचे दाखवले. चालते ०.१ टक्का. जवळजवळ निम्मी बाटली विष होती. वीसहून अधिक लेकरे गेली, त्यातली बहुतेक पाच वर्षांखालची.

२ ऑक्टोबरला धम्मचक्र प्रवर्तन दिन होता. दीक्षाभूमीवर निळ्या पाखरांचा महासागर लोटला होता, आणि त्याच दिवसांत त्याच नागपूर शहरात अतिदक्षता विभागात ही लेकरे डायलिसिसवर होती. ज्या भूमीवर बाबासाहेबांनी आम्हाला माणूस केले, तिथून काही किलोमीटरवर गरिबांच्या लेकरांचे रक्त गाळून गाळून डॉक्टर थकत होते. आईबाप कर्ज काढत होते. हे विष श्रीमंताच्या लेकराने प्याले असते तरी किडनी बंदच पडली असती. पण श्रीमंताचे लेकरू पहिल्या दिवशी मशीनवर गेले असते. गरिबाचे चौथ्या दिवशी, तिसऱ्या रुग्णालयात, सोनाराकडून आल्यावर जाते. त्या तीन दिवसांत जे मरते त्याला आम्ही नैसर्गिक मृत्यू म्हणायला तयार नाही.

योजना आहे की!

आता दुसरे उत्तर. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आहे, मग ओरड कशाची?

योजनेला आमचा विरोध नाही. तिला तात्यासाहेबांचे नाव आहे, त्या नावाची लाज राखली जावी एवढीच अपेक्षा आहे. पण योजना म्हणजे बिल कोण भरणार याचे उत्तर. मशीन कुठे आहे, फिल्टर कुठे आहे, रात्री नर्स कोण आहे, या प्रश्नांचे ते उत्तर नव्हे. जिथे मुलांचे रक्त गाळायची सोय असते ते रुग्णालय योजनेत नसते, जे योजनेत असते तिथे सोय नसते, आणि जिथे दोन्ही असते तिथे बेड नसतो. मधल्या काळात कागद जमवायचे. रेशनकार्डवर लेकराचे नाव चढलेले नाही, आधारवर गावचा पत्ता आहे, मंजुरी उद्या येईल. पोटॅशियम उद्यापर्यंत थांबत नाही.

दुसरी तरतूद तर हक्काचीच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ अअ आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. त्यासाठी एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची आहे. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिट न मागता दाखल करून त्याचा जीव स्थिर होईपर्यंत उपचार द्यायचे आहेत. ही दया नव्हे, ट्रस्ट म्हणून मिळालेल्या करसवलतीची ही परतफेड आहे. नवी मुंबईत तर त्यापुढेही हिशेब आहे. आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या ९५ गावांच्या जमिनी घेऊन सिडकोने हे शहर वसवले. त्या जमिनींसाठी १९८४ मध्ये जासई-दास्तान परिसरात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जण हुतात्मा झाले. त्याच जमिनींतले भूखंड पुढे आरोग्य-शिक्षणाच्या नावाने सवलतीत वाटले गेले. वाशीत तर महापालिकेच्या रुग्णालयाच्या इमारतीतला मोठा भागच खासगी रुग्णालयाला भाडेपट्ट्याने दिला गेला. एकाच इमारतीत दोन मजले, दोन जगे. या जमिनीवर उभ्या असलेल्या प्रत्येक अतिदक्षता विभागात आमच्या लेकरांचा वाटा आहे, आणि तो वाटा मागताना आम्ही मान खाली घालणार नाही.

मग उरते काय? मोबाइलवर फिरणारे आवाहन. लेकराचा नळ्या लावलेला फोटो, खाली बँक खात्याचा क्रमांक, "जमेल तेवढी मदत करा". मदत करणाऱ्यांचे आम्ही मनापासून आभारी आहोत, समाजाने अशी कित्येक लेकरे वाचवली आहेत. पण ज्या लेकराचा फोटो गोंडस नाही, ज्याच्या आईला इंग्रजीत दुःख मांडता येत नाही, ज्याचे आडनाव वाचून बोट पुढे सरकते, त्याचे काय? दयेलाही जात कळते. म्हणूनच बाबासाहेबांनी आम्हाला दया मागायला शिकवले नाही, हक्क मागायला शिकवले.

पुतळा की औषध?

२०२० च्या जानेवारीत परळचे वाडिया बाल रुग्णालय अनुदानाच्या वादात बंद पडायच्या वाटेवर आले. १९२९ पासून गिरणगावच्या आणि पुढे सगळ्या महाराष्ट्राच्या गरीब लेकरांचे हे रुग्णालय. लोक रस्त्यावर उतरले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सरकारला सुनावताना इंदू मिलमधल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याचा दाखला दिला. पुतळ्याची उंची वाढवायला पैसा आहे, पण ज्या लोकांचे बाबासाहेबांनी आयुष्यभर प्रतिनिधित्व केले त्यांनी मरायचे काय, अशा अर्थाचा तो सवाल होता.

हा सवाल सरकारला होता आणि तो बरोबर होता. पण तेव्हापासून काही मंडळींनी तो आमच्यावर उलटवला आहे. तुम्हाला पुतळे हवेत, मग दवाखाने कसे मिळणार, असे ते विचारतात. त्यांना आमचे उत्तर असे. इंदू मिलची जागा आम्हाला कोणी भेट दिली नाही, २०११ मध्ये आंदोलकांनी आत शिरून तो प्रश्न पेटवला तेव्हा मिळाली. ऐरोलीत महापालिकेचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक आहे, त्यातल्या ग्रंथालयात आमची पोरे अभ्यास करतात, त्याचा आम्हाला अभिमान आहे. अरबी समुद्रातल्या स्मारकाची आणि नर्मदेकाठच्या पुतळ्याची चर्चा निघते तेव्हा कोणी डायलिसिस मशीनची किंमत विचारत नाही. फक्त आमच्याच स्मारकापाशी सगळ्यांना दवाखाना आठवतो.

आणि तरीही आम्ही आमच्याच लोकांना सांगतो, स्मारकाशी थांबू नका. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न ही बाबासाहेबांची आणि रमाईची चार लेकरे लहानपणीच गेली. ज्या घराने चार लेकरे मातीआड केली, त्या घराचे नाव घेणाऱ्या समाजाने लेकरांच्या अतिदक्षता विभागासाठी मोर्चा काढू नये, हे शोभत नाही. जयंतीची मिरवणूक जितकी आपली, तितकाच हा प्रश्नही आपला.

महाग आहे, परवडत नाही

शेवटचा आक्षेप पैशाचा. ज्या महापालिकेचे वार्षिक अंदाजपत्रक पाच हजार कोटींच्या पुढे गेले आहे, तिला एका अतिदक्षता विभागात दोन मशीन परवडत नाहीत, असे म्हणायला धाडस लागते. पण आम्ही त्याहून पुढे जाऊन सांगतो, सुरुवात मशीनशिवाय करता येते.

पोटाचे डायलिसिस म्हणून एक जुनी पद्धत आहे. पोटात एक मऊ नळी बसवायची, त्यातून जंतुरहित द्रावण आत सोडायचे, थोडा वेळ ठेवायचे आणि बाहेर काढायचे. पोटाच्या आतले नैसर्गिक अस्तरच गाळणी होते. हाताने करता येते, वीज लागत नाही, मशीन लागत नाही, बाळाचे रक्त अंगाबाहेर काढावे लागत नाही. अगदी लहान बाळांसाठी अनेक डॉक्टर आधी हीच पद्धत निवडतात. तातडीच्या किडनी-निकामी रुग्णांसाठी ही पद्धत योग्य आहे, असे या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. आफ्रिकेत आणि आशियात साधनांची चणचण असलेल्या ठिकाणी सेव्हिंग यंग लाइव्हज या कार्यक्रमाने डॉक्टर-नर्सना हेच शिकवून लेकरे वाचवली आहेत. तिथे जे जमते ते वाशीत का जमू नये?

इथे एक सापळा आहे, तो आम्हाला दिसतो. गरिबांना पोटाचे डायलिसिस आणि श्रीमंतांना मशीन, असे वाटप करून प्रश्न सुटला म्हणून सांगितले जाईल. श्रेणीबद्ध विषमतेचे हेच तर तंत्र असते, खालच्याला थोडे देऊन गप्प करायचे. म्हणून स्पष्ट सांगतो. पोटाचे डायलिसिस ही दुय्यम दर्जाची दवा नाही, ती पहिली पायरी आहे, आणि ती आजच चढता येते. पण ज्या लेकराच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे, ज्याच्या रक्तातले विष वेगाने काढायचे आहे, त्याला मशीनच लागते. कोणाला काय द्यायचे हे लेकराच्या आजाराने ठरावे, बापाच्या खिशाने नव्हे. आमची मागणी दोन्हींची आहे.

पैसा नाही हे कारण सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केलेले नाही. रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला कोलकात्यातली सरकारी रुग्णालये एकामागून एक परत पाठवत राहिली. १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या या खटल्यात न्यायालयाने सांगितले की वेळेवर तातडीचा उपचार न देणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ चा भंग आहे आणि पैशाची टंचाई सांगून राज्याला ही जबाबदारी झटकता येणार नाही. आपण ज्याला रेफर म्हणतो, त्याला न्यायालयाने मूलभूत हक्काचा भंग म्हटले आहे.

बाबासाहेबांची भूमिका तर याच्याही आधीची आहे. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती-लाभ विधेयकाच्या बाजूने बोलताना त्यांनी सांगितले की आईला मिळणारी विश्रांती ही राष्ट्राच्या हिताची गोष्ट आहे, म्हणून तिचा भार सरकारनेही उचलला पाहिजे. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा तयार झाला, त्यातून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा आला. आई आणि लेकराच्या जिवाचा खर्च हा कोणाच्या घरचा खासगी खर्च नाही, हे शतकाभरापूर्वी सांगणारा नेता ज्यांना लाभला, त्यांनी आज बिलाचा कागद हातात घेऊन रडत बसायचे?

आमच्या मागण्या

एक. वाशी, नेरूळ आणि ऐरोलीच्या महापालिका रुग्णालयांत मुलांच्या अतिदक्षता खाटा किती, प्रशिक्षित डॉक्टर-नर्स किती, लेकरांचे डायलिसिस चोवीस तास होते की नाही, हे महापालिकेने लेखी जाहीर करावे.

दोन. तिन्ही रुग्णालयांत पोटाच्या डायलिसिसची नळी, द्रावण आणि प्रशिक्षित माणसे सहा महिन्यांत उपलब्ध करावीत. जिथे ही सोय आहे तिथे ती रात्रीही चालू ठेवावी.

तीन. महापालिकेच्या किमान एका रुग्णालयात लेकरांसाठी सीआरआरटीची पूर्ण सोय उभी करावी, लहान फिल्टरसह. नर्स कायमस्वरूपी असाव्यात. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर हे कौशल्य टिकत नाही, शिकलेली नर्स निघून जाते आणि मशीनवर धूळ बसते.

चार. समोरच्या रुग्णालयात बेड पक्का झाल्याशिवाय कोणतेही अत्यवस्थ लेकरू रेफर करू नये. पाठवताना सोबत डॉक्टर असावा आणि का पाठवले याची नोंद वहीत असावी. ती वही नागरिकांना पाहायला मिळावी.

पाच. धर्मादाय आणि सवलतीच्या जमिनीवरच्या प्रत्येक रुग्णालयाने राखीव खाटांपैकी आज किती रिकाम्या आहेत, याचा मराठीतला फलक दारावर लावावा, अतिदक्षता विभागाच्या खाटांसह.

सहा. सरकारी आणि महापालिका दवाखान्यांत येणाऱ्या मुलांच्या प्रत्येक सिरपच्या बॅचची तपासणी वाटपाआधी व्हावी. १९८६ ची चूक २०२५ मध्ये पुन्हा झाली, ती २०२६ मध्ये नको.

सात. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव उठता-बसता घेणाऱ्या महाराष्ट्रानेही तो करावा.

कार्यकर्त्यांना विनंती आहे. या मागण्यांचे निवेदन आपापल्या प्रभागात द्या, माहिती अधिकारात अर्ज टाका, वस्तीच्या बुद्धविहारात एक बैठक फक्त या विषयावर घ्या. आयाबहिणींना सांगा, तापात किंवा जुलाबात लेकराने सहा-आठ तास लघवी केली नाही तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय लहान लेकराला खोकल्याचे सिरप पाजू नका.

१८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी पोराला पाठीवर घेतले आणि यशवंतरावांच्या दवाखान्यापर्यंत चालत आणले. ते पोर वाचले. माई त्याच प्लेगने १० मार्चला गेल्या. त्यांच्याकडे मशीन नव्हते, निधी नव्हता, सरकारी आदेश नव्हता. तरी त्यांनी त्या लेकराला रेफर केले नाही. पाच हजार कोटींच्या महापालिकेकडून आम्ही माईंच्या त्यागाची अपेक्षा करत नाही. तिने फक्त आपले काम करावे, आणि ते करत नाही तोवर आम्ही तिच्या दारात उभे राहू.

जय भीम. जय संविधान.